परत आणलेला होकार

योना सरांशी माझं पहिलं भांडण पेन्सिलीवरून झालं.

विंझरच्या शाळेत मी मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो आणि नव्या माणसाला आपण किती कामाचे आहोत हे दाखवायची जी खाज असते, ती मला जरा जास्तच होती. वेळापत्रक करायचं काम विज्ञानाच्या योना सरांकडे. शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर ते लावलेलं असायचं, सुबक, पट्टीनं आखलेलं, आणि अथपासून इतिपर्यंत पेन्सिलीत. मला वाटलं, बिचाऱ्यांना पक्कं करायला सवड झाली नसेल. मधल्या सुट्टीत खुर्चीवर चढून मी सबंध वेळापत्रक निळ्या पेननं गिरवून काढलं आणि शाबासकीची वाट पाहत खालीच उभा राहिलो.

सर आले. चष्मा पुसून बघितलं.

"कुणी केलं हे?"

"मी, सर. पक्कं करून टाकलं."

"शनिवारचा तिसरा तास होणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "म्हणजे? सुट्टी आहे का शनिवारी?"

सर नवा कागद आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन बसले. मला बाजूला घेऊन समजूत घातली ती शाळेच्या शिपायानं, पालीच्या धोंडूमामांनी. "गुर्जी, सरांचा देव यायचाय अजून. कवा यील त्याचा नेम न्हाई. तवर समदं पेन्सिलीत असतंय त्येंचं."

ही गंमत नव्हती. सर ख्रिस्ती. प्रभू पुन्हा येणार, तो कुठल्या घटकेला येईल ते माणसाला सांगितलेलं नाही, म्हणून माणसानं तयार असावं, एवढं साधं गणित होतं. फरक इतकाच, की बाकीचे लोक हे प्रार्थनेत म्हणून घरी जातात आणि सर ते घरी नेत. रात्री शर्ट पॅन्टमध्ये खोचून झोपायचे. "बनियनवर सापडायचं का त्याला?" म्हणायचे. बूट दाराशी, तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवलेले. आम्ही दोघंही भोरला राहून शाळेला ये-जा करायचो; तिथं ते मिक्सर घ्यायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. दुकानदार म्हणाला, पाच वर्षांची गॅरंटी आहे. सर म्हणाले, "ती तुम्ही ठेवा, आणि तेवढे कमी करा." दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

आणि इतकं सगळं करून म्हणायचे काय, तर "मी कुठल्याही कायद्याखाली नाही." नियमशास्त्र संपलं, आता कृपा आहे, हे खा, ते खाऊ नका, ह्या दिवशी हे करा, हे सगळं प्रभूनं आपल्या अंगावर घेऊन फेडून टाकलं, ही त्यांची ठाम समजूत. "माणसानं नियम पाळून वर जायचं असतं ना, तर आपल्या स्टाफपैकी एकही जाणार नाही," असं म्हणून ते आमच्याकडे एकेक करून बघायचे. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

सरांच्या घरात एकच कायदा उरला होता: त्यांच्या टेबलाशी बसलेल्या माणसानं नाही म्हणायचं नाही. भाकरी तर भाकरी, चहा तर चहा. नाही म्हणणाऱ्याला ते दुसऱ्यांदा बोलवत नसत.

हे मला ठाऊक होतं. तरीसुद्धा मी जे केलं ते केलं.

सरांची बायको लवकर गेली. मागं एक मुलगी, रूथ. भोरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. जीभ सुईपेक्षा धारदार. तिनं लग्न ठरवलं ते विजयशी. विजय विंझरचाच, शेतकऱ्याघरचा, आम्हा दोघांच्या हाताखालून गेलेला, आता दुधाचा टेम्पो चालवायचा. त्याचे वडील तरुणपणी पाचगणीला एका शाळेच्या बागेत कामाला होते, तिथं ते बहाई झाले. पुढं वडील वारले, पण घर बहाईच राहिलं. गावाला त्याचं फारसं काही नव्हतं. "दारू पीत न्हाईत, भांडत न्हाईत, करू द्या काय करत्यात ते," एवढाच गावाचा अभिप्राय.

अडचण सरांची होती, आणि ती साधी नव्हती. बहाई म्हणतात, ज्याची सगळे वाट बघत होते तो येऊन गेला. नव्या नावानं आला, नवे नियम देऊन गेला. जगाचा शेवट म्हणून जे सांगितलं होतं ते जुन्या युगाचा शेवट, आणि तो होऊन गेला. आता ज्या माणसानं उभं आयुष्य शर्ट खोचून झोपण्यात काढलं, त्याला त्याचाच विद्यार्थी सांगणार, की सर, गाडी गेली.

मी ठरवलं, दोघांना एका टेबलाशी बसवायचं. चहा होईल, दोन शब्द होतील, बर्फ वितळेल. रविवारी दुपारी विजयला घेऊन सरांकडे गेलो. रूथनं पोहे केले होते. सरांनी स्वतः कप भरून विजयसमोर सरकवला.

विजय कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मला न्हाई चालणार. माझा उपास आहे."

"मग दूध घे. केळं घे."

"पाणी पण न्हाई सर. सूर्य मावळेपर्यंत."

मार्च महिना. बहाई लोकांचा एकोणीस दिवसांचा उपास मार्चात असतो, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. वर्षातल्या सगळ्या दुपारींतून मी नेमकी ती दुपार निवडली होती. बरं, विजयनं मला टेम्पोत सांगितलंही होतं, पण मी तेव्हा त्याला संभाषण कसं करावं ते शिकवत होतो.

सर शांतपणे म्हणाले, "नियम आहे?"

"व्हय सर."

"ठीक आहे. नियमानं वाग." कप उचलून त्यांनी मोरीत ओतला. मी तेवढ्यात माझे पोहे संपवले, कारण मला नाही म्हणायचं धैर्य नव्हतं, आणि मग घाबरून विजयचेही संपवले.

तो गेल्यावर सर म्हणाले, "मुलगा वाईट नाही. पण माझा विचार करा. त्या दिवशी हाक येईल, आम्ही सगळे उभे राहू, हिची आई पुढं असेल. मी मागं वळून बघीन आणि रूथ नसेल. मग मी पुढं जाऊ का मागं? सांगा तुम्ही. मराठीचे आहात ना?"

मी रिकाम्या बशा मोरीत नेऊन ठेवल्या. रूथ बहाई झालेली नसली तरी नवरा बहाई. पोर हळूहळू तिकडं सरकणार, ही त्यांची खरी भीती. नकार त्या भीतीचा होता.

आता खरा घोळ पुढंच आहे. बहाईंच्या कायद्यात लग्नाला दोघांच्याही हयात आईवडिलांची संमती लागते. आईवडील कुठल्या का धर्माचे असेनात. संमती नाही तर लग्न नाही. विजयच्या आईची क्षणात मिळाली. ती म्हातारी मला म्हणाली, "मला इचारलं, ह्यातच समदं आलं बघा. माझ्या लग्नात मला सुदिक कुणी इचारलं नव्हतं." म्हणजे राहिले सर. मुलगी सज्ञान, मिळवती, मुलगा शहाणा. दुसरं कुणी असतं तर पुण्याला जाऊन सह्या करून आलं असतं. बाप चार महिने बोलला नसता, मग नातवंडाला खेळवत बसला असता. पण विजय हलेना.

मी त्याला गाठून म्हटलं, "अरे, सर तुझ्या धर्माचे तरी आहेत का? त्यांच्या होकारानं तुझ्या देवाला काय करायचंय?"

"तेच तर हाय सर. आमच्या देवानं ठरवायचं त्यांच्यावर सोडलंय. मी कोण मधी पडणारा?"

सरांना हे मीच उत्साहानं जाऊन सांगितलं. वाटलं, खूश होतील. सर खुर्चीत मागं टेकले. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "कायदा संपला म्हणून मी आयुष्यभर सांगत आलो. आणि आता ज्या धर्माचा मी नाही, त्याच्या कायद्यानं माझ्या गळ्यात किल्ली बांधली. पळून गेले असते तर मी रागावलो तरी असतो. आता रोज सकाळी उठून मलाच नाही म्हणायचंय. रोज!"

आणि रूथ? ती माझी चेष्टा करायची, म्हणजे सगळ्यांचीच. "काका, एकाचा देव अजून यायचाय, दुसऱ्याचा येऊन गेलाय. मधल्या मधी माझी एसटी चुकली." हसायची. रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत राहायची. केसात पांढरं दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, "हे बघा, माझ्या डोक्यावर मात्र युग बदललं." सरांना दोन वेळा गरम वाढायची, भाटघरला एका घरात रविवारची प्रार्थना असायची तिथं त्यांना हाताला धरून न्यायची, आणि ह्या विषयावर घरात एक अक्षर काढायची नाही. त्या न बोलण्यानं सरांचं घर असं आवळून आलं होतं, की मी गेलो तरी दाराशीच बसायचो.

म्हणून मी दुसरा पराक्रम केला.

एका सकाळी सरांना फोन लावला आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, "सर, वाईट बातमी आहे. रूथ आणि विजय पुण्याला गेले. सह्या करायला." मला वाटलं होतं, सर ओरडतील, मग मी समजूत काढीन, मग ते मऊ पडतील. पुढची वाक्यं मी पाठ करून ठेवली होती. पण सर ओरडलेच नाहीत. म्हणाले, "तिनं काही खाल्लं होतं का निघताना?" आणि मग, "त्यांना सांगा, माझा होकार आहे. माझ्या नकाराचं ओझं घेऊन नको जायला पोरीनं."

मी फोन ठेवला तो नाचतच. तडक विंझर गाठलं. विजय टेम्पोतून कॅन उतरवत होता. म्हटलं, "अरे, पेढे काढ! सर हो म्हणाले!"

त्याचे डोळे भरले. मग त्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "कसं काय म्हणाले?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण चांगली युक्ती केली की ती सांगितल्याशिवाय मला अन्न जात नाही. सगळं रंगवून सांगितलं, रडवेल्या आवाजासकट.

विजयनं हातातला कॅन खाली ठेवला, टेम्पो चालू केला आणि मला म्हणाला, "बसा." भोरला सरांच्या दारात उभा राहून, आत न जाता, म्हणाला, "सर, रूथ लॅबमध्येच हाय. आमी कुठं गेलो न्हाई. तुमचा होकार परत आणलाय."

सर दाराशी आले. "परत आणलाय म्हणजे?"

"भिऊन दिला होता तुमी. तसला चालत न्हाई. खुशीनं द्यायचा असतोय." आणि पाया पडून निघून गेला.

मी आपला फाटकाशी, चपलेत पाय घालत-काढत. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढा जड शब्द. कसा उचलला होता माझा मला माहीत. त्यानं तो आणून परत दारात ठेवला. आता पुन्हा मलाच उचलायचा." मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही जा आता."

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. मी त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम खोकायचो. आत खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, बस.

बोलणं सुरू झालं ते धोंडूमामांमुळं. मामा निवृत्त होऊन राजगडाच्या पायथ्याशी, पालीला घरी असत, त्यांनी अंथरूण धरलं. सरांनी निरोप पाठवला, मामांना बघायला जायचंय, येता का? जाताना एसटीनं गेलो. येताना गाडी नव्हती, आणि ते मला पक्कं माहीत होतं, कारण मी चौकशी करूनच विजयला सांगून ठेवलं होतं, की संध्याकाळी रिकामा टेम्पो घेऊन पालीला ये. केबिनमध्ये तिघं खेटून बसणार, सर मधे, पळायला जागा नाही. तिसरा पराक्रम. ह्या खेपेला खरा बेत मी कुणाला, विजयलाही, सांगितला नव्हता, त्यामुळं यश नक्की होतं.

सरांनी टेम्पो बघितला, मला बघितलं, आणि "तुम्ही सुधारणार नाही" असं म्हणून चढले. टेम्पो थोडा पुढं गेला आणि थांबला.

रविवार होता. राजगडावरून उतरलेल्या पुण्या-मुंबईच्या सगळ्या गाड्या एकाच वेळी त्या चिंचोळ्या रस्त्याला लागल्या होत्या, आणि समोरून कुणीतरी बस घातली होती. मागं जाता येईना, पुढं जाता येईना. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला ओढा, दार उघडावं तर शेजारच्या गाडीला लागायचं. ऊन काचेतून थेट तोंडावर. मागं कॅन एकमेकांवर आपटत होते. मी दोनदा घसा खाकरला, पण पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

सरांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सवयीनं आधी विजयपुढं धरली.

विजय म्हणाला, "न्हाई सर."

मार्च! पुन्हा मार्च!

सर बाटली तशीच धरून बसले. समोर तोरण्याच्या अंगाला सूर्य उतरत होता. उतरता उतरता डोंगराआड गेला आणि रस्त्यावर सावली पडली. सर म्हणाले, "मावळला. पी."

"डोंगराआड गेलाय सर. मावळला न्हाई. मोबाईलमध्ये वेळ हाय, त्याला अजून अवकाश हाय."

"डोळ्यांनी दिसतंय ना गेलेला? ओठ फुटलेत तुझे. हितं कोण बघणार आहे तुला?"

सर कधी 'हितं' म्हणत नसत. ते माझ्या लक्षात राहिलं.

"कोण बघत न्हाई म्हणून तर पाळायचा, सर."

बाहेर हॉर्न वाजत होते. सरांनी बाटली ओठाला लावली, पण प्यायले नाहीत. खाली घेतली आणि मांडीवर धरली. मग समोरच बघत म्हणाले, "तुमचा तर येऊन गेला ना? मग तू वाट कसली बघत बसलायस इतकी वर्षं?"

"त्याची बघून झाली सर. आता तुमची बघतोय."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर एक माणूस रस्त्यात उभा राहून बसच्या ड्रायव्हरला हातवारे करत होता, कुणीच ऐकत नव्हतं.

सर म्हणाले, "मला एकच भीती आहे. त्या दिवशी मी मागं वळून बघीन, आणि..."

विजय स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. "त्या दिवसाचं मला तुमच्यासारखं दिसत न्हाई सर. खोटं कशाला बोलू? पण ती तुमच्या मागं येऊन उभी राहणार असली तर मी तिला धरून ठेवणारा न्हाई. धरायचं असतं तर आधीच घेऊन गेलो असतो की."

अंधारत आलं. मग विजयचा मोबाईल वाजला, बारीक, घंटेसारखा. सरांनी बाटली पुढं केली. विजयनं डोळे मिटून काहीतरी म्हटलं आणि मग घटाघटा प्याला. अर्धी बाटली ठेवून परत दिली. त्यातलं सर प्याले. पुसली नाही बाटली. मग मला दिली. माझ्या वाट्याला तळाचं कोमट आलं, तेही बरोबरच होतं.

मग सरांनी खिशातून छोटी दिनदर्शिका काढली, भाटघरच्या मंडळीत दरवर्षी वाटतात ती, आणि म्हणाले, "पेन आहे का?"

आम्हा दोघांना समजायला वेळ लागला. विजयला आधी समजलं, तो सगळे खिसे चाचपायला लागला. विजयकडे पेन नव्हतं. माझ्याकडे, उभी हयात मराठी शिकवलेल्या माणसाकडे, पेन नव्हतं. "आणतो!" म्हणून मी खिडकीतून, हो, खिडकीतूनच, उतरलो. गाडी-गाडी फिरलो. "पेन आहे का हो पेन? लग्न आहे!" आजकाल पेन कुणाकडं नसतं. एकानं मोबाईल पुढं केला. एका मुलीनं पर्स उलटी केली आणि भुवया रेखायची पेन्सिल काढून दिली. ती घेऊन मी धावत आलो.

सरांनी टोक बघितलं. "ही पेन्सिल आहे."

"सर, आत्ता एवढ्यापुरतं..."

"पेन्सिल नको."

शेवटी पार्किंगच्या पावत्या फाडणाऱ्या एका म्हाताऱ्यानं दिलं, तेही माझा हात धरून टेम्पोपर्यंत येऊन. त्याच्या देखत, टेम्पोतल्या मिणमिणत्या दिव्यात, योना सरांनी ईस्टरनंतरच्या एका रविवारभोवती गोल केला आणि चौकोनात बसेल एवढ्या बारीक अक्षरात 'रूथचं लग्न' लिहिलं. दोनदा गिरवलं. मग म्हणाले, "माझी खुशी आहे. भिऊन नाही. नीट ऐकलंस ना? परत आणून देऊ नकोस."

लग्न विंझरला विजयच्या अंगणात झालं. दोघांनी साक्षीदारांसमोर एक-एक वाक्य म्हटलं, ईश्वराच्या इच्छेनं वागू अशा अर्थाचं, आणि झालं. मी खुर्च्या लावत होतो. वळून बघतो तो लोक पेढे खात होते. मग भाटघरच्या मंडळींनी एक गीत म्हटलं, सरांनी प्रार्थना केली. जेवायला विजयच्या आईनं सरांच्या पानात वाढलं तेवढं त्यांनी खाल्लं, एकदाही नाही म्हणाले नाहीत.

दुपारी भोरची गाडी धरायला सर फाट्यावर आले. मी सोबत. पोचवायला विजय, आणि एक पाऊल मागं रूथ. पावसाळा संपायच्या आत सर गेले, झोपेत, शर्ट खोचलेला. पण तेव्हा मी गावी होतो, मला ते दिसले नाहीत. माझ्या डोळ्यांपुढं राहिलेत ते ह्या फाट्यावरचे. कंडक्टर घाई करत होता. "चला बाबा, चढा, आत व्हा!" सरांनी दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबले. मागून कुणीतरी ओरडलं. सर हलेनात. त्यांनी सावकाश मान वळवली आणि मागं बघितलं.

रूथ होती.

"ठीक आहे," सर कंडक्टरला म्हणाले, आणि चढले.